पैलवानाची फरशी

गल्लीत त्यांना सगळे आरसेकाका म्हणत. आरशांचा धंदा त्यांनी कधीच केला नव्हता. ते फरशी घासायचे. उभा जन्म लोकांच्या घरांतल्या, दुकानांतल्या, कचेऱ्यांतल्या दगडी फरश्या यंत्रानं घासून त्यांनी अशा चमकवल्या होत्या की खाली वाकून भांग पाडावा. आता कंबर साथ देत नव्हती, म्हणून बाहेरची कामं त्यांनी बंद केली होती. पण यंत्र विकलं नव्हतं. जिन्याखाली ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं असे, आणि वर्षातून एकदा बाहेर निघे ते स्वतःच्या घरातल्या बाहेरच्या खोलीसाठी.

ती खोली म्हणजे काकांचा जीव की प्राण. काळाभोर दगड, सांधा कुठे आहे ते शोधून दाखवा अशी बसवलेली फरशी आणि वर ती चकाकी. तिच्यावर धूळ बसलेली त्यांना खपत नसे आणि माणूस बसलेला कसाबसा खपत असे. आलेला पाहुणा आधी फरशीचं कौतुक करायचा आणि मग पाणी मागायचा. उलटं केलं तर पाणी उशिरा यायचं.

याच फरशीवर मागच्या वर्षी काकू पडल्या. खुब्याचं हाड तडकलं, दोन महिने अंथरुणात गेले. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्या चालूही लागल्या, पण फक्त स्वयंपाकघर, मागची खोली आणि मागचं दार एवढ्यातच. बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्या की थांबायच्या. पाहुण्यांशी तिथूनच बोलायच्या, चहाचा कप तिथूनच पुढे करायच्या. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, निदान चटई तरी टाका तिथे." काका उखडले होते. "आरशावर कुणी गोणपाट टाकतं का? फरशी गेली तीस वर्षं तीच आहे. मनातली भीती आहे ती, दुसरं काही नाही." आणि फोन ठेवल्यावर, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "नाचता येईना अंगण वाकडं!" काकूंनी भाजी चिरायला घेतली.

असो. तर या घरात एके दिवशी बदकाचं अंडं आलं.

मागच्या दाराला लागून बदकवालीचं अंगण होतं. तिच्याकडे चार-पाच बदकं आणि कोंबड्या. एका कोंबडीखाली तिनं कोंबडीच्या अंड्यांबरोबर बदकाचं एक अंडं सरकवून दिलं होतं. कोंबडीची अंडी लवकर फुटतात, बदकाला आठवडाभर जास्त लागतो. हे तिनं दुसऱ्या कुणालाही शिकवलं असतं, पण ऐन वेळी स्वतःच विसरली. पिल्लं निघाली, कोंबडी त्यांना घेऊन उकिरडे उकरायला चालू पडली, आणि बदकाचं अंडं मागे राहिलं. बदकवाली ते फेकणारच होती. काकूंनी मागच्या दारातून हात पुढे केला. "दे इकडे. अजून गरम आहे."

"काकू, कशाला नसता व्याप?"

"मला तरी दुसरा काय व्याप आहे? दिवसभर भिंतीच तर मोजतेय."

बुटाचं खोकं, वर बल्ब, कडेला वाटीत पाणी. काकूंनी ते अंडं जपलं, परतत राहिल्या, मधूनच कानाशी धरून ऐकत राहिल्या. काका येता-जाता टोमणे मारत होते. "आमच्या चहाला इतकं परतलंस तर बरं होईल." पण अंड्याला पहिली भेग गेली त्या सकाळी खोक्यापाशी सगळ्यात आधी तेच बसले होते. पिल्लू आतून टोचत होतं, थांबत होतं, पुन्हा टोचत होतं. काकांनी मदत म्हणून टरफलाला नख लावलं, तर काकूंनी हातावर चापट दिली. "त्याचं त्याला करू दे. तुम्हाला कुणी बाहेर ओढलं होतं?"

दुपारी ते बाहेर आलं. ओलं, मरगळलेलं, मान टाकून पडलेलं. वाळल्यावर पिवळं धमक झालं, पण उजव्या पायाची बोटं सरळ होईनात. मूठ आवळावी तशी ती आत वळली होती, आणि पिल्लू त्या मुठीवर उभं राहायला जाऊन कलंडत होतं. बदकवालीनं मागच्या दारातून डोकावून पाहिलं. "काय हो पैलवान, आखाड्यात उतरायच्या आधीच चीतपट?" नाव तिथेच पडलं.

खोक्यात काकूंनी जुना पंचा अंथरला होता. बदकाचं पिल्लू म्हणजे एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला घाण; संध्याकाळपर्यंत पंच्याचा चिखल झाला. काकांना ते बघवेना. हा माणूस जन्मभर लोकांची घाण घासत आला, त्यानं स्वतःच्या घरात चिखल बघावा? त्यांनी जिन्याखालून काळ्या दगडाचा उरलेला तुकडा काढला, यंत्राच्या लोकरी नमद्यानं त्याच्यावर हात फिरवला, आणि खोक्यात बरोब्बर तळाला बसवला. बल्बच्या उबेनं दगड छान गरम झाला. एकदा फडकं मारलं की लख्ख. "हा बघ महाल," ते काकूंना म्हणाले. "राजाच्या पोरालासुद्धा नसेल." काकूंना ते फारसं पटलं नाही, पण घाण खरंच निघत होती, म्हणून त्यांनी दगड राहू दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैलवान उठेचना. उठायला गेला की दोन्ही पाय दोन दिशांना निघून जात, आणि तो पोटावर आपटे. कात्री उघडावी तसे पाय फाकलेले. चिपचिप ओरडून त्याचा गळा बसायची वेळ आली होती. बदकवाली म्हणाली, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण अशी जगत नाहीत. मी घेऊन जाते. तुम्हाला बघायला नको."

"कुठे नेतेस?" काकूंनी खोकं स्वतःकडे ओढलं. "माझं हाड मोडलं तेव्हा मला कुणी नेलं होतं का असं?"

काका खोकं काखोटीला मारून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड आणि कामाला चोख. तिनं पैलवानाला तळहातावर उताणं धरलं, मांडीपासून बोटांपर्यंत चाचपलं. "मोडलेलं काही नाही, काका. घोट्यावरची शीरही जागेवर आहे. खोक्यात खाली काय घातलंय?"

"दगड," काका अभिमानानं म्हणाले. "आरशासारखा."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"बोटं अंड्यातूनच वाकडी आली असतील. पण पाय फाकले ते दगडामुळे. नखांना पकडायला काहीच नाही त्याच्यावर. पाय रोवायला गेलं की घसरतं, पुन्हा रोवतं, पुन्हा घसरतं, आणि सांधे बाहेर वळतात. त्याला ताकद नाही असं नाहीये. त्याला जमीन नाहीये."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. गुळगुळीत असणं हा दगडाचा दोष असतो, हे त्यांना आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण समोर पिल्लू होतं आणि डॉक्टरीणबाई पुढचं सांगत होती, म्हणून त्यांनी राग गिळला आणि कान दिले. दोन्ही पाय मऊ पट्टीनं एकमेकांना सैल बांधायचे, उभं राहिल्यावर अंगाखाली सरळ येतील इतकंच अंतर ठेवून. वाकड्या पावलाला सपाट बूट करायचा, बोटं पसरून त्याच्यावर चिकटवायची. खाली खरखरीत कापड. दाण्यात यीस्टची पूड. कोमट पाण्यात रोज थोडं पोहवायचं, हात पोटाखाली ठेवून, आणि मग लगेच कोरडं करायचं. "हाडं आत्ता कोवळी आहेत, वळवाल तशी वळतील. पण या आठवड्यात. नंतर आहेत तशीच घट्ट होतील, आणि पायावर उभं न राहणारं बदक मोठं झालं की स्वतःच्याच वजनानं मरतं. कराल ना एवढं?"

"करीन म्हणजे? चालवूनच दाखवतो," काका म्हणाले. घरी येताना मात्र रस्ताभर पुटपुटत होते. जमीन नाहीये म्हणे! तीस वर्षं लोकांना जमिनीच तर करून दिल्या.

पण हट्टाला पेटलेला माणूस कामाला वाईट नसतो. खोक्यातला दगड निघाला, गोणपाट आलं. बुटासाठी काकांनी यंत्राचा जुना नमदा काढला, शेवटची चकाकी ज्यानं आणतात तो जाड लोकरी तुकडा. त्याचा नखाएवढा त्रिकोण कापला. काकूंनी पैलवानाला पदराखाली उबेला धरलं, फक्त पाय बाहेर ठेवला, आणि काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एकेक बोट सरळ करायला बसले. ज्या हातांनी मणभर यंत्र ओढलं ते हात त्या काडीएवढ्या बोटांपुढे अडखळत होते.

"हळू. ओढताय काय? दोर आहे का तो?"

"मग तू कर."

"मी धरते ते काम नाही का? लावा पट्टी."

पहिला बूट पहिल्याच आंघोळीत सुटून पाण्यावर तरंगला. दुसरा काकांनी ईर्ष्येनं इतका आवळला की पाऊल निळसर पडलं आणि काकूंनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. तिसरा बसला. पायांमधली पट्टीही अशीच दोनदा चुकून मग जमली. आधी फार आखूड झाली, पैलवान ओंडक्यासारखा तोंडावर पडे. मग फार लांब, म्हणजे नसल्यासारखीच. प्रत्येक वेळी सोडायचं, पुसायचं, पुन्हा बांधायचं. काकूंना खुब्याच्या व्यायामाचे दिवस आठवत होते. "मला पण असंच व्हायचं," त्या एकदा म्हणाल्या. "पाय माझा, पण ऐकायचा नाही." काकांनी "हूं" केलं, त्यांचं लक्ष पट्टीत होतं.

पोहताना पैलवान सुखी असे. पाण्यात त्याला कुणी पाडत नव्हतं. बाहेर काढून, पुसून, गोणपाटावर ठेवला की खरी लढाई. उठायचा, डुलायचा, चोच टेकून सावरायचा, बसायचा. काकू दाण्याची वाटी जराशी लांब सरकवायच्या. "ये. फुकट नाही मिळणार." तो ओरडायचा, शिव्या दिल्यासारखा, आणि एक पाऊल टाकायचा. मग दोन. काका दारातून बघत मुठी आवळत असत. एका सकाळी तो वाटीपर्यंत गेला, खाल्लं, आणि वळून काकूंच्या पावलांमागे स्वयंपाकघरभर हिंडला, बुटाचा फटफट आवाज करत. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्याही आलं, पण त्यांनी ते यीस्टच्या पुडीवर ढकललं.

पट्टी सुटली, बूटही सुटला. बोटं सरळ राहिली. आठवडा अजून पुरता संपला नव्हता.

आता इतकं केल्यावर मिरवायला नको? बदकवाली पुढच्या दारानं आली तेव्हा काकांनी पैलवानाला उचललं आणि थेट बाहेरच्या खोलीत नेलं. "ये, बघ. तू नेणार होतीस ना याला? बघ आता कसा चालतो." आणि त्यांनी त्याला काळ्याभोर आरशावर मधोमध ठेवलं.

पैलवानानं पहिलं पाऊल टाकलं आणि ते बाहेर निघून गेलं. दुसरं दुसरीकडे गेलं. तो पोटावर आपटला, धडपडला, पाय मारत राहिला. काही केल्या जागचा हलेना. खाली फरशीत दुसरा एक पैलवान तितकाच घाबरून पाय झाडत होता.

"अहो, उचला त्याला! उचला आधी!"

काकू उंबऱ्याशी आल्या होत्या. काकांनी वळून पाहिलं. काकूंनी पाऊल खोलीत टाकलं होतं, आणि तिथेच त्या अडकल्या होत्या. एका हातानं चौकट घट्ट धरलेली. पुढे टाकलेल्या अनवाणी पायाची पाचही बोटं आत वळलेली, मूठ आवळल्यासारखी, त्या काळ्या दगडात काहीतरी पकडायला शोधत होती. पकडायला काही नव्हतं. त्यांनी पाऊल मागे घेतलं.

काकांनी ती बोटं पाहिली. तशीच बोटं त्यांनी गेले काही दिवस चष्मा लावून, एकेक करून सरळ केली होती.

"पैलवानात खोट नाही हो काका," बदकवाली पिल्लू उचलत म्हणाली. "खाली धरायलाच काही नाही."

नेहमीचे काका असते तर तिला फरशीवर एक तास ऐकवलं असतं. आज मात्र पैलवानाला तिच्या हातातून घेऊन त्यांनी काकूंकडे दिलं. पाय पुन्हा बाहेर वळू लागले होते. "पट्टी परत बांधावी लागेल," ते म्हणाले. "बांध तू. मला काम आहे." आणि ते जिन्याखाली गेले.

यंत्राला घासायचे दगड लावायची एक रीत असते. आधी सगळ्यात खरखरीत, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक, शेवटी नमदा. काकांच्या हातून आजवर ही रीत कधी उलटी झाली नव्हती. खरखरीत दगड उघड्या नव्या फरशीला लागतो, झालेल्या कामाला लावला की ते काम मेलं. त्यांनी डब्याच्या तळातून तोच काढला. बसवला. पाणी ओतलं. मग त्यांनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला. फरशीत त्यांचं तोंड दिसत होतं, भुवयांतले पांढरे केससुद्धा. त्यांना रडू येत होतं, आणि रडू येतं म्हणून स्वतःचा रागही येत होता. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

आवाजानं काकू लगबगीनं उंबऱ्याशी आल्या. "अहो, हे काय? वेड लागलं का तुम्हाला? अहो!"

यंत्र गरगरत होतं. काळ्या दगडावर राखाडी चिखल उठत होता. काका मान वर न करता ओरडले, "पैलवानासाठी!"

"अहो, पण एक गोणपाट टाकलं असतं तरी..."

"गोणपाट सरकतं!"

उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी खोली घासली. कंबरेनं मधेच संप पुकारला, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले, काकूंनी उंबऱ्यातून पुढे केलेला चहा प्यायले आणि पुन्हा उठले. चकाकी आणायला कित्येक दिवस लागले होते, जायला एक दुपार पुरली. चिखल उपसून, धुऊन, फरशी वाळली तेव्हा तिच्यात काही दिसत नव्हतं. पाटीसारखी निस्तेज काळी फरशी. पाहुणे आता थेट पाणी मागणार होते.

पैलवानाची पट्टी त्यांनी दोन दिवसांनी सोडली. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्याला खोलीच्या मधोमध ठेवलं. त्यांचा हात नकळत त्याच्या पोटाखाली राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

पैलवान उभा होता. त्यानं एक पाऊल टाकलं. नखं दगडावर करकरली आणि पाऊल टाकलं तिथेच राहिलं. दुसरं टाकलं. मान पुढे, शेपटीचा गोंडा हलवत, तो निघाला. बाहेर गल्लीत बदकवालीची बदकं आरडाओरडा करत चालली होती, त्यानं तो आवाज ऐकला आणि तो जो सुटला तो सरळ उघड्या पुढच्या दाराकडे.

"अहो, धरा त्याला! दाराबाहेर पायरी आहे! पडेल तो!" काकू उंबऱ्यातून ओरडल्या.

काका उठायला गेले. गुडघे उठेनात, एक हात जमिनीला टेकून ते अर्धेच उठले. पैलवान दाराच्या कडेला पोहोचला होता, मान खाली घालून पायरीची खोली बघत होता. काकांच्या शेजारून कुणीतरी झपझप गेलं. काकूंनी दारात वाकून त्याला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि छातीशी धरलं.

मग त्या थांबल्या. एक हात पैलवानाखाली, दुसरा त्याच्या पाठीवर. भिंत त्यांच्यापासून लांब होती, चौकट त्यांनी धरलेली नव्हती. त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बोटं सरळ होती.

काका तसेच अर्धवट उठलेले राहिले. बोललो तर ती पडेल अशी त्यांना भीती वाटत होती. काकू वर्षभरानंतर पुढच्या दारात उभ्या होत्या; बाहेरचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं आणि त्या गल्ली इकडून तिकडे बघत होत्या. बदकवालीनं लांबून हात केला. काकूंनीही केला.

"अंगणच वाकडं होतं, अहो," त्या वळून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून काकांना ते जास्त लागलं. "लेक सांगून थकली. याचं मात्र लगेच ऐकलंत."

काका गुडघ्यावर हात टेकून पूर्ण उठले.

काकू पैलवानाला घेऊन खोलीच्या मधून चालत परत आल्या, सावकाश, एकेक पाऊल नीट टेकवत. चुकल्यासारखं वाटलं की थांबत होत्या आणि पुन्हा टाकत होत्या. त्यांच्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "न्हाणीघराचा बोळ राहिलाय. तिथे तर याहून जास्त घसरतं."

"आज?"

"मग कधी? माझं हाड कोवळं राहिलंय का अजून?"

काकांनी जिन्याखालची चादर ओढली आणि यंत्र पुन्हा बाहेर काढलं.